दक्खनचे इब्राहीम

हजरत इब्राहीम यांच्यावरून ठेवलेले हे नाव आपल्याकडे घरोघरी आहे. शाळेच्या इतिहासात मात्र मुलांना एकच इब्राहीम पाठ असतो, १५२६ साली पानिपतावर बाबराशी लढताना मारला गेलेला लोदी. दुसरा कुणी धड्यात आला की वर्गात हमखास प्रश्न येतो, ‘सर, हा तोच का?’ तो दिल्लीचा. आपल्या दक्खनचे इब्राहीम वेगळे, आणि ते एकमेकांसारखेही नाहीत.

विजापूरचा पहिला इब्राहीम आदिलशाह १५३४ मध्ये गादीवर आला. त्याने इराणी-तुराणी सरदारांना दूर सारून दक्खनी आणि हबशी मंडळींना जवळ केले. राज्याच्या हिशेबाचे दफ्तर त्याने फारसीतून काढून ‘हिंदवी’त आणले आणि ते काम ब्राह्मणांकडे दिले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. विजापूरच्या मुलखात ही हिंदवी म्हणजे मराठी, असे अनेक अभ्यासक मानतात. यात भाषेचे प्रेम किती आणि सोय किती? मला सोयच जास्त दिसते. वसूल गावात जमा होतो आणि गावच्या कुलकर्ण्याला फारसी येत नाही. पण सोयीतूनही भाषा वाढते. वसूल, जमा, तपशील, जमाबंदी हे शब्द आपण आज मराठी म्हणूनच वापरतो, ते अशाच दफ्तरांतून आले.

त्याच काळात गोवळकोंड्याला इब्राहीम कुतुबशाह होता. भावाच्या भीतीने पळून त्याने विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला सुमारे सात वर्षे काढली होती. १५५० मध्ये तो सुलतान झाला तेव्हा तेलुगू त्याला परकी राहिली नव्हती. तेलुगू कवींना त्याने उदार हाताने आश्रय दिला आणि त्या कवींनी त्याचे नाव करून टाकले ‘मल्किभराम’. एवढे असूनही १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत तो रामरायाच्या विरुद्ध बाजूला उभा होता. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशीच लढला. त्याच्या तेलुगूप्रेमाचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत, आणि तालिकोटवरून बोल लावणारे तेलुगूचे नाव काढत नाहीत.

दुसरा इब्राहीम आदिलशाह हा पहिल्याचा नातू. १५८० मध्ये गादीवर बसला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता आणि सुरुवातीला कारभार चाँदबीबीने पाहिला. त्याचा ‘किताब-ए-नौरस’ हा दखनीतला गीतसंग्रह. त्यात सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे, तशीच गुलबर्ग्याच्या ख्वाजा गेसूदराज यांचीही. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते! भातवडीच्या लढाईनंतर शहाजीराजे काही काळ निजामशाही सोडून याच इब्राहीमच्या चाकरीत होते. विजापूरला जाल तेव्हा गोलघुमट पाहून परत फिरू नका, इब्राहीम रोझाही पाहा.

चौथा राजा नव्हता. इब्राहीमखान गारदी हा पगारी सेनानी. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तो कवायती युद्ध शिकला, आधी निजामाकडे होता, मग पेशव्यांकडे आला. १७६० मध्ये उदगीरला तो सदाशिवरावभाऊंच्या बाजूने त्याच निजामाविरुद्ध लढला. पानिपताच्या मोहिमेत मल्हारराव होळकरांना गनिमी कावा हवा होता. भाऊंचा भरवसा मात्र इब्राहीमखानाच्या तोफांवर आणि पलटणींवर होता.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने १४ जानेवारी १७६१ ची हकीकत फारसीत लिहून ठेवली आहे. लढाई सुरू होण्याआधी इब्राहीमखान भाऊंना भेटला. माझ्या माणसांच्या पगारासाठी मी तगादा लावतो म्हणून आपण नाराज होतात, या महिन्यात तर पगार मिळालाच नाही, पण आज आम्ही आमचे काम चोख करू, अशा अर्थाचे तो बोलला. मग त्याच्या पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर तुटून पडल्या. त्यांतल्या बहुतेक तिथेच संपल्या. समोर रोहिले, शुजा, अब्दाली, सगळे त्याचे धर्मबांधवच. स्वतः अनेक जखमा होऊन तो पकडला गेला. शुजाने त्याला लपवून ठेवले होते, पण अखेर अब्दालीच्या हवाली करावे लागले आणि त्या कैदेतच त्याचा अंत झाला.

गारदी ही जात नव्हे. फ्रेंच ‘गार्द’ या शब्दावरून आलेले ते एका पेशाचे नाव. पानिपतानंतर बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तो करणाऱ्या गारद्यांचा पुढारी होता सुमेरसिंग. आज मराठीत कुणी ‘गारदी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पानिपत येत नाही, शनिवारवाडाच येतो.