दिल्लीचा चांदणी चौक

दिल्लीच्या चांदणी चौकाचे नाव ज्याने ऐकले नाही असा सुशिक्षित मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. परंतु आज ज्याला चांदणी चौक म्हणतात तो चौक नसून सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा एक सरळ रस्ता आहे, ही गोष्ट तेथे गेल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. लाल किल्ल्यासमोरून निघावे आणि पश्चिमेस फत्तेपुरी मशिदीपाशी थांबावे, एवढाच त्याचा विस्तार. या रस्त्याने पावणेचारशे वर्षांत बादशाही स्वाऱ्या पाहिल्या, कत्तली पाहिल्या, ट्राम पाहिली, मोटारीही पाहिल्या. आणि २०२१ साली मोटारींना दिवसा मज्जाव करून तो पुन्हा पायी चालणाऱ्यांच्या हवाली करण्यात आला. एका जुन्या रस्त्याच्या या फेऱ्यात आपल्या सर्वच शहरांनी विचार करावा असे पुष्कळ आहे.

१६४८ साली शहाजहान बादशहाने आपला दरबार नव्या शहाजहानाबादेत आणला. त्याची वडील कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास या राजमार्गाची आखणी करविली. मधोमध कालव्याचे पाणी वाहत असे, दोहो बाजूंस झाडांची सावली आणि दुकानांच्या रांगा असत. वाटेत एक प्रशस्त चौक व त्याच्या मध्यभागी हौद होता. त्या हौदात चांदणे पडे, म्हणून त्या जागेस चांदणी चौक हे नाव मिळाले, असे सांगतात; पुढे ते साऱ्या रस्त्यासच लागले. चौकाच्या उत्तरेस जहाँआरेने परदेशी व्यापाऱ्यांसाठी सराई बांधली आणि तिला लागून बाग केली. फ्रेंच प्रवासी बर्निए याने १६६३ सालच्या पत्रात दिल्लीचे वर्णन केले आहे. येथील मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या कमानी, त्यांखाली दिवसभर चालणारा व्यापार, पाठीमागे वखारी आणि वर व्यापाऱ्यांची घरे, असे चित्र त्याने रेखाटले आहे. बादशहाच्या स्वारीस पुरेल इतका हा रस्ता रुंद होता खरा. परंतु एरवी रोजचा सारा दिवस तो पायी हिंडणाऱ्या गिऱ्हाइकाचाच असे.

या मार्गाच्या वाट्यास वैभवाबरोबर रक्तपातही आला. १६७५ साली गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद येथेच झाला. त्या जागी आज सीसगंज गुरुद्वारा उभा आहे. १७३९ साली याच रस्त्यावरील सोनेरी मशिदीत बसून नादिरशहाने दिल्लीच्या कत्तलीचा हुकूम दिला. मराठ्यांचीही एक खूण येथे आहे. किल्ल्याच्या बाजूस असलेले गौरीशंकराचे मंदिर शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर नावाच्या गृहस्थाने बांधले, अशी परंपरा आहे. १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली घेतली तेव्हा ती शिंद्यांच्याच ताब्यात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या परंपरेचे नवल वाटत नाही.

सत्तावन सालच्या बंडानंतर मात्र रस्त्याचे रूपच पालटले. जहाँआरेची सराई पाडून तेथे टाउन हॉल उभा राहिला. हौद गेला आणि त्या जागी घड्याळाचा मनोरा आला. कालवाही बुजला. १९०८ साली ट्राम सुरू झाली. यांतील प्रत्येक बदल सुधारणेच्या नावाने झाला, आणि ट्राम ही सोयीची होती यात शंका नाही. तथापि, थांबण्याची जागा म्हणून निर्माण झालेला रस्ता जाण्यायेण्याची वाट होऊ लागला, तो येथपासून.

स्वातंत्र्यानंतर शहर झपाट्याने वाढले. १९५१ साली मनोऱ्याचा भाग कोसळला. १९६३ साली ट्रामही बंद झाली. जुन्या हवेल्यांत गुदामे शिरली. कापड, विजेचे सामान, मसाले यांचा घाऊक व्यापार फोफावला. माल आणणाऱ्या गाड्या, खाजगी मोटारी आणि फटफट्या यांच्या दाटीत चालणाऱ्यास पाऊल ठेवावयास जागा उरली नाही.

या गर्दीचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हा प्रश्न पुढे आला तेव्हा प्रथम बोट दाखविले गेले ते सायकलरिक्षावाल्याकडे. २००६ साली चांदणी चौकातून सायकलरिक्षांना हद्दपार करण्याचे ठरले. जो मनुष्य स्वतःच्या पायांच्या बळावर दुसऱ्याला वाहून नेतो, धूर सोडत नाही आणि मोटारीपेक्षा कमी जागा अडवितो, तोच अडथळा ठरला! सुदैवाने वाद न्यायासनापुढे पुन्हा गेला. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने शहरातील सायकलरिक्षांच्या संख्येवर पालिकेने घातलेली मर्यादा रद्द केली, आणि रस्त्यावर या गरीब वाहनाचाही हक्क आहे हे मान्य केले.

डिसेंबर २०१८ मध्ये नव्या कामास आरंभ झाला आणि १२ सप्टेंबर २०२१ रोजी सुधारलेला रस्ता खुला झाला. तांबूस दगडाची फरसबंदी झाली, पदपथ रुंदावले आणि बसावयास जागा आली. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मोटारींस बंदी झाली. सायकलरिक्षेस मात्र मुभा राहिली. पंधरा वर्षांपूर्वीचा निवाडा असा नेमका उलटला. भुयारी मेट्रोचे स्थानक २००५ सालीच झालेले असल्यामुळे गिऱ्हाइकास मोटारीवाचून येणे शक्य होते, ही गोष्टही येथे विसरता कामा नये. येण्याची सोय केल्याविना केवळ मज्जाव केला असता, तर पेठ ओस पडण्याचे भय होते.

परंतु काम एवढ्याने संपले नाही. बंदीच्या वेळेतही फटफट्या शिरतात, रिक्षांचीच कोंडी होते, अशा तक्रारी लवकरच सुरू झाल्या. फेरीवाल्यांचा प्रश्न तर याहून बिकट. त्यांना तेथे बसण्यास मनाई झाली; पण चालणाऱ्याची वाट मोकळी करताना ज्याची भाकरी त्या वाटेवर आहे त्याने जावे कोठे, याचे उत्तर फरसबंदीत सापडत नाही. बाजार हा मोठ्या दुकानदारांप्रमाणे किरकोळ विक्रेत्यांवरही जगत आला आहे, आणि त्यांना न्याय्य जागा नेमून दिल्यावाचून कोणतीही शिस्त फार दिवस चालत नाही.

जहाँआरेच्या राजमार्गावर, सोनेरी मशिदीशेजारीच शहराची कोतवाली होती. रस्ता राखणारा अधिकारी रस्त्यावरच बसत असे. दगड एकदा बसविले की वर्षानुवर्षे राहतात. नियम मात्र रोज सकाळी नऊ वाजता नव्याने पाळावा लागतो. चांदणी चौकास त्याचे जुने रूप परत मिळाले आहे. ते राहील की जाईल, हे यापुढे गवंड्याच्या हाती नसून, तो नियम रोज राखणाऱ्यांच्या आणि पाळणाऱ्यांच्या हाती आहे.