अमेरिकी राजकीय संस्कृती
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राजकारणामागच्या समजुती, सवयी व संकेत. फ्रेंच विचारवंत आलेक्सी द तॉकव्हील याला १८३१-३२ च्या दौऱ्यात तेथील स्वयंसेवी मंडळांचे मोठे अप्रूप वाटले होते. या राजकीय संस्कृतीला निर्णायक वळण मात्र १९६० च्या दशकात मिळाले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकनांकडे सरकले. १९६८ नंतर अध्यक्षपदाच्या उमेदवारांची निवड पक्षधुरिणांच्या हातून प्राथमिक निवडणुकांकडे गेली. परिणामी दोन्ही पक्ष आतून एकजिनसी, परस्परांना मात्र परके झाले. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने कॅपिटॉल या संसद भवनावर केलेला हल्ला हा या दुराव्याचा टोकाचा आविष्कार. अशा दुराव्यावर उतारा म्हणून सुचवले जाणारे पसंतीक्रम मतदान (मतदाराने उमेदवारांना पसंतीनुसार क्रम देण्याची पद्धत) मेन व अलास्का राज्यांनी स्वीकारले आहे. अन्यत्र सत्ताधाऱ्यांच्या सोयीने मतदारसंघ आखले जातात तोवर त्याचे अनुकरण संथच राहील, असे दिसते.