गाण्यांचा रस्ता, माणसांचा रस्ता : नॅशव्हिल ते न्यू ऑर्लिन्स

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत 'संगीत सहल' हा आता मोठा धंदा झाला आहे. नॅशव्हिलला कंट्री, मेम्फिसला सोल आणि रॉक अँड रोल, मिसिसिपी डेल्टात ब्लूज आणि शेवटी न्यू ऑर्लिन्सला जॅझ. गाडी भाड्याने घ्यायची, आठ-दहा दिवसांत ही गावे पालथी घालायची, टोप्या-टी शर्ट विकत घ्यायचे आणि परत यायचे. आम्हा काही आंबेडकरी मित्रमैत्रिणींचाही असाच बेत चालू आहे. दोघे नोकरीनिमित्त तिकडेच असतात, बाकीचे इथून जाणार. बेत आखता आखता आमच्यात वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे, की आपण गाणी ऐकायला चाललोय, तिथे वंशभेदाचा इतिहास कशाला उगाळायचा? आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. या रस्त्यावरचे संगीत आणि या रस्त्यावरचा अन्याय यांना वेगळे काढता येत नाही. जो वेगळे काढतो, तो कोणाच्या तरी सोयीसाठी काढतो. त्या वादाला सविस्तर उत्तर म्हणून हा लेख.

प्रवास कोणाचा?

मुळात 'मनात आले, गाडी काढली आणि निघालो' हीच गोष्ट सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनाच बैलगाडी हाकावी लागते. १९२९ ला चाळीसगावात टांगेवाला नकार देतो. १९३४ ला दौलताबाद किल्ल्यात हौदाच्या पाण्यावरून दमदाटी होते. शाळकरी पोरगा असो की जगातल्या नामांकित विद्यापीठांचा पदवीधर, रस्ता त्याला आधी जात विचारतो.

अमेरिकेतही रस्ता रंग विचारत होता. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय पोस्टमनने १९३६ मध्ये एक पुस्तिका काढली, 'ग्रीन बुक'. काळ्या प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल भरता येईल, याची ती यादी होती. साधारण तीस वर्षे ती निघत राहिली. ज्या गायक-वादकांच्या आवाजावर गोरे लोक रात्रभर नाचत, त्यांनाच कार्यक्रम संपल्यावर त्या गावात पाठ टेकायला जागा शोधावी लागे. म्हणून आमचे म्हणणे असे, की या सहलीचा नकाशा हॉटेलांच्या यादीपासून सुरू करू नये. ज्यांना हॉटेल नाकारले गेले, त्यांच्यापासून सुरू करावा.

नॅशव्हिल : गाणाऱ्यांनी बांधलेली इमारत

नॅशव्हिलला जाणारा पर्यटक रायमन सभागृह बघतो, कंट्री संगीताचे संग्रहालय बघतो. आम्ही आधी फिस्क विद्यापीठात जाणार. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी १८६६ मध्ये ही शाळा सुरू झाली आणि काही वर्षांतच पैशाअभावी बंद पडायच्या बेतात आली. तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ रोजी तिथल्या विद्यार्थ्यांचा छोटा गायकवृंद दौऱ्यावर निघाला. त्यातले बहुतेक जण स्वतः गुलामीत जन्मलेले होते. मळ्यावर, लपूनछपून, रात्रीच्या प्रार्थनेत गायली जाणारी गाणी त्यांनी जगासमोर उभे राहून गायली. १८७३ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले आणि व्हिक्टोरिया राणीसमोर गायले. त्यांच्या कमाईतून फिस्कमध्ये जी इमारत उभी राहिली, ती ज्युबिली हॉल म्हणून आजही उभी आहे.

आता हे साल लक्षात घ्या. त्याच १८७३ मध्ये इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. एकीकडे मुक्त झालेले गुलाम गाऊन शाळा वाचवत होते, दुसरीकडे शूद्रातिशूद्रांचा नेता त्यांच्या मुक्तीतून आपल्या लढ्याचे बळ घेत होता. हा दुवा कुठल्याही सहल कंपनीच्या पत्रकात सापडणार नाही. तो आपणच जोडायचा. पुढे याच फिस्कमधून १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस पदवीधर झाले. १९०३ च्या आपल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथातले शेवटचे प्रकरण त्यांनी गुलामांच्या या शोकगीतांवर लिहिले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून संपर्क साधला तो याच ड्यु बॉइस यांच्याशी.

आणि कंट्री संगीत? ते 'गोऱ्या शेतकऱ्याचे संगीत' म्हणून विकले जाते. पण त्यातला बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतून आले. 'ग्रँड ओल ऑप्री' या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लोकप्रिय कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता. दौऱ्यावर त्याला सहकलाकारांच्या हॉटेलात उतरता येत नसे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढले गेले आणि बूट पॉलिशच्या धंद्यावर त्याने पुढचे पोट भरले. तो १९८२ मध्ये वारला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव आले ते २००५ मध्ये. जिवंतपणी बाहेर काढायचे आणि मेल्यावर भिंतीवर फोटो लावायचा, ही रीत आपल्याला नवीन नाही.

नॅशव्हिलचा आणखी एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो. जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय मिशनरी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून ते परतले आणि नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांची शिबिरे घेऊ लागले. फेब्रुवारी १९६० मध्ये याच विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाणावळींच्या टेबलांवर बसून सत्याग्रह केला. लॉसन परतले त्याच १९५६ साली, त्याच नागपुरात, बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. खाणावळीच्या टेबलावर बसणे आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे, या दोन्ही कृतींमागे भूक किंवा तहान नव्हती. दोन्हींत माणूसपणाचा दावा होता. मार्ग कोणाचा चांगला, यावर वाद जरूर करू. पण दावा एकच आहे.

मेम्फिस : कचऱ्याची गाडी आणि गाणे

मेम्फिसमध्ये गर्दी एल्विस प्रेस्लीच्या बंगल्याला होते. १९५४ मध्ये सन स्टुडिओत एल्विसने ध्वनिमुद्रित केलेले ज्या गाण्याने त्याची सुरुवात झाली, ते मूळ आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे. एल्विस अब्जावधींचा उद्योग झाला. क्रूडप मजुरी करत राहिला आणि १९७४ मध्ये मरेपर्यंत त्याच्या गाण्यांचा न्याय्य मोबदला त्याला मिळाला नाही. एल्विस वाईट गात होता असे आमचे म्हणणे नाही. गाणे एकाचे आणि इस्टेट दुसऱ्याची, असे कोणत्या व्यवस्थेत होते, हा आमचा प्रश्न आहे.

याच शहरात लोरेन मोटेल आहे. 'ग्रीन बुक'मध्ये नाव असलेले हे मोटेल स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांचा अड्डा होते. गोरे आणि काळे कलाकार एकत्र बसून इथे गाणी रचत, कारण शहरात एकत्र बसायच्या जागा फारशा नव्हत्या. ४ एप्रिल १९६८ रोजी याच मोटेलच्या सज्जात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. गोळी लागण्याच्या काही क्षण आधी ते खाली उभ्या असलेल्या सॅक्सोफोनवादक बेन ब्रँचला, आजच्या सभेत आपले आवडते भक्तिगीत वाजव, असे सांगत होते.

किंग मेम्फिसमध्ये कशासाठी आले होते? सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा घेतलेले इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर एकच वाक्य होते : मी माणूस आहे. हे वाक्य वाचून ज्याला आपल्या वस्तीतला माणूस आठवत नाही, त्याने आरसा बघावा. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला, आणि तरी गटारात गुदमरून माणसे मरतातच. मेम्फिसला जाऊन जो फक्त गिटारी बघून येईल, त्याने मेम्फिस बघितलेच नाही.

डेल्टा : सैतानाची गोष्ट कोणाला सोयीची?

मेम्फिसहून ६१ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला निघाले की कापसाची सपाट काळी जमीन लागते. क्लार्क्सडेल गावात एका चौकात निळ्या गिटारींची खूण आहे. रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार मिळवली, अशी आख्यायिका तिथे विकली जाते. वस्तुस्थिती साधी आहे. जॉन्सन आइक झिमरमन या अनुभवी वादकाकडे शिकला. लोकांची झोपमोड नको म्हणून ते दोघे कब्रस्तानात बसून सराव करत. म्हणजे गुरू होता, शिष्य होता, मेहनत होती. पण काळ्या माणसाने मेहनतीने विद्या मिळवली, हे मान्य करण्यापेक्षा सैतानाने दिली म्हणणे सोपे जाते. आपल्याकडे कोणाची विद्या 'साधना' ठरते आणि कोणाची 'उपजत अंगात असते', हे एकदा तपासून बघा.

मडी वॉटर्सचे उदाहरण तर अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये स्टोव्हॉल मळ्यावर काम करणाऱ्या या तरुणाचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्याचे श्रेय वर्षानुवर्षे अ‍ॅलन लोमॅक्स या गोऱ्या संशोधकाला मिळाले. त्याच्यासोबत फिस्कचे कृष्णवर्णीय प्राध्यापक जॉन वर्क होते. त्यांचे लेखन अडगळीत पडून राहिले आणि २००५ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आले. गाणारा काळा, अभ्यासणाराही काळा, तरी नाव गोऱ्याचे.

इथेच एक सावधगिरीही सांगतो. गायिका बेसी स्मिथ सप्टेंबर १९३७ मध्ये याच महामार्गावर अपघातात जखमी झाली. गोऱ्यांच्या दवाखान्याने नाकारल्यामुळे ती मेली, ही गोष्ट खूप पसरली. ती खरी नाही. तिला थेट क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांच्या दवाखान्यातच नेले होते. पण तिला गोऱ्यांच्या दवाखान्यात न्यावे, हा विचारही तिथे कोणी केला नसता, हे खरे आहे. नकार द्यायचीही गरज पडत नाही, इतकी व्यवस्था पक्की होती. चळवळीला खोट्या गोष्टीची गरज नाही. खरी गोष्टच पुरेशी भयंकर आहे.

न्यू ऑर्लिन्स : रविवारचे मैदान

शेवटचा मुक्काम न्यू ऑर्लिन्स. १८१७ च्या वटहुकुमाने गुलामांना फक्त रविवारी आणि नेमलेल्या जागीच जमण्याची परवानगी उरली. ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर. मालकाने एक दिवस आणि एक मैदान दिले. त्यांनी त्यात आफ्रिकेचे ढोल, नाच आणि बाजार जिवंत ठेवला. जॅझचा इतिहास सांगताना या मैदानाला वगळता येत नाही. याच शहरात १८९२ मध्ये होमर प्लेसी हा चर्मकाम करणारा माणूस, बूट बनवणारा, ठरवून गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' म्हणत त्याच्याविरुद्ध निकाल दिला. वेगळे ठेवलेले कधीच समान नसते, हे आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीला कुठल्या न्यायालयाने शिकवावे लागले नव्हते.

पर्यटक ज्या वाजतगाजत निघणाऱ्या अंत्ययात्रांचे व्हिडिओ काढतात, त्यांच्यामागे गरीब कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या परस्पर साहाय्य मंडळांची परंपरा आहे. डॉक्टरचा आणि मयतीचा खर्च ही मंडळे भागवत. आणि ज्या ट्रेमे वस्तीत हे सारे वाढले, तिच्या क्लेबॉर्न अव्हेन्यूवरची ओकची झाडे १९६० च्या दशकात तोडून वरून महामार्ग नेला गेला.

मग आमचा बेत काय ठरला?

प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारायचे : गाणे कोणाचे? पैसा कोणाला? श्रोत्यांत कोण कुठे बसत होते? आणि आज फलक कोणाच्या नावाचा आहे? तो मित्रही याला तयार झाला. फक्त रात्री गाणी मनसोक्त ऐकायची, ही त्याची अट. ती आम्हालाही मान्यच आहे. ज्यांनी एवढ्या यातनांतून आनंद निर्माण केला, त्यांचा आनंद नाकारणे हाही त्यांच्यावर अन्यायच.

पण हेच चार प्रश्न आपल्या घरी विचारल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. हलगी वाजल्याशिवाय जत्रा होत नव्हती, पण वाजवणारा देवळाच्या पायरीखाली. तमाशाच्या इतिहासात पठ्ठे बापूरावांचे नाव सगळ्यांना माहीत; ज्या पवळाने ते फड गाजवले, तिचे नाव किती जणांना? सिन्नर तालुक्यातले वामनदादांचे देशवंडी, अण्णा भाऊंचे वाटेगाव आणि घाटकोपरची चिरागनगरची झोपडपट्टी, आणि १९९७ च्या गोळीबारानंतर ज्या वेदनेने शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला ते रमाबाई नगर. या साऱ्यांना जोडणारा रस्ता आपण कधी आखला? अमेरिकेने उशिरा का होईना, फलक लावले, संग्रहालये केली. त्यात धंदा आहे, पण लढून मिळवलेली कबुलीही आहे. आपल्या जलशांचे डफ, वह्या, हस्तलिखिते मात्र कुणाच्या तरी माळ्यावर वाळवी खात पडली आहेत.

म्हणून अमेरिकेला निघण्याआधीचे तीन रविवार आम्ही या गावांसाठी राखून ठेवले आहेत. सोबत वही, मोबाइलचा रेकॉर्डर आणि हेच चार प्रश्न. ज्यांच्या घरात जुन्या जलसाकारांच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी किमान फोटो काढून ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

जय भीम!