पोर्तुगीज पासपोर्ट काढण्याआधी : गोव्याच्या माणसाचे जन्माचे नागरिकत्व कोणते, घेतलेले कोणते?

गोव्यात तर हा प्रश्न घरोघरी आहेच. पण आई किंवा आजी गोव्याची असलेल्या बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारकडच्या घरांतही आता तो विचारला जातो. पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा की नाही? एजंट सांगतो, "नवीन काही घ्यायचं नाहीये, तुमच्या हक्काचंच आहे, फक्त लिस्बनला नोंद करायची." पासपोर्ट ऑफिस सांगते, "तुम्ही परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेत, भारताचे संपले." ऐकणारा गोंधळतो, कारण त्याला वाटते यातला एक जण खोटे बोलतोय. तसे नाही. दोघेही आपापल्या देशाच्या कायद्याप्रमाणे बरोबर आहेत. अडचण तिथेच आहे.

१९६२ चा एक महिना

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. तोपर्यंत गोवा, दमण आणि दीव इथली माणसे पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक होती. हिंदू असो, ख्रिस्ती असो की मुसलमान, त्यात फरक नव्हता. मग भारत सरकारने २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. जो माणूस स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला जाईल, असे त्यात होते. अर्ज नाही, शपथ नाही. मात्र ज्याला जुने नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवायचे होते.

बहुतेकांनी काहीच कळवले नाही आणि ते भारतीय झाले. काहींनी कळवले. त्यांतले एक धर्मगुरू, मोन्सिन्योर मोंतेरो. पोर्तुगीज राहतो असे त्यांनी लिहून दिले. राहण्याचा परवाना मिळाला, तो १९६४ मध्ये संपला. त्यांनी तो वाढवून मागितला नाही आणि ते गोवा सोडूनही गेले नाहीत. विदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपल्याच गावात राहणारा माणूस विदेशी कसा, असा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेऊन झाला. १९६९ मध्ये न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. गोव्यात जन्म असला तरी निवड केली की तिचे परिणाम सोसावे लागतात, हे तेव्हाच ठरून गेले होते.

पोर्तुगालचे पुस्तक वेगळे

पोर्तुगालने मात्र १९७४ पर्यंत गोवा भारताचा मानलाच नाही. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही पडली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य झाले. करार झाला तरी लोकांच्या नागरिकत्वाचे दार पोर्तुगालने बंद केले नाही. पुढे १९७५ चा हुकूमनामा आणि १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा आला. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करून घेता येते आणि मग त्याच्या मुलांची, त्यानंतर नातवंडांची.

म्हणजे पोर्तुगालच्या लेखी हे जन्माचेच नागरिकत्व. नोंद राहिली होती, ती केली. भारताच्या लेखी हाच माणूस १९६१ पासून भारतीय, आणि लिस्बनला अर्ज केला तो त्याने आपल्या मर्जीने. एकाच कागदाला एक देश जन्माचा हक्क म्हणतो, दुसरा देश परके नागरिकत्व. पोर्तुगालला दोन नागरिकत्वे चालतात, ब्रिटनलाही चालतात. भारताला चालत नाहीत. 'दोन्ही ठेवता येतात' हे एजंटचे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे, आणि नेमके भारताकडचे अर्धे खोटे आहे.

कागदांची साखळी

काम साखळीने होते. आजोबांचा जन्म मुक्तीपूर्वीचा असेल तर आधी त्यांची नोंद, मग वडिलांची, मग स्वतःची. आईकडूनही हक्क येतो, म्हणून बेळगावात दिलेल्या मुलीची मुलेही या रांगेत दिसतात. आईवडिलांचे लग्नही तिकडे नोंदवावे लागते. मूळ आधार म्हणजे पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीतली जन्माची नोंद. तिची पूर्ण मजकुराची नक्कल लागते. गोव्यात तिला 'तेओर' म्हणतात.

इथे सगळ्यात जास्त गाडी अडते ती नावावर. पोर्तुगीज कारकुनाने नाव कानावर पडले तसे पोर्तुगीज वळणाने लिहिले. अनेक हिंदू घरांत तेव्हा आडनाव लिहिलेच जात नसे. फक्त स्वतःचे आणि बापाचे नाव. पुढे शाळेत आडनाव लागले, कुठे गावाचे, कुठे देवस्थानाचे. जन्मनोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. गोव्यात १९९० चा नाव व आडनाव बदल कायदा आहे, त्याखाली दुरुस्ती होते, पण वेळ जातो. याच फटीत बनावट दाखले शिरतात. दुसऱ्याच्या आजोबांना आपले आजोबा दाखवून काढलेला पासपोर्ट पुढे कधीही उघडा पडू शकतो, आणि मग ना तिकडचा ना इकडचा अशी गत होते.

भारताचे नागरिकत्व नेमके कधी जाते

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवले की भारताचे आपोआप संपते. कोणी नोटीस पाठवावी लागत नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला, तर नियमाप्रमाणे तो त्याचा निर्णायक पुरावा ठरतो. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच वैध ठरवला. कोणाचे नागरिकत्व गेले का, हा वाद उभा राहिला तर निर्णय केंद्र सरकारचा.

गोव्यातला खरा वाद त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. लिस्बनला फक्त जन्मनोंद केली, पासपोर्ट काढलाच नाही, तर काय? 'नोंद म्हणजे नागरिकत्व नव्हे' असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पंच, आमदार यांच्यावरही या मुद्द्यावरून तक्रारी झाल्या. पासपोर्ट खाते मात्र अलीकडच्या काळात कडक झाले असून, निव्वळ नोंदीवरूनही भारतीय पासपोर्ट रद्द केले गेले. 'नोंद करून ठेवू, पुढचं पुढे बघू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ती नोंद म्हणजे घरात ठेवलेला एखादा जुना दाखला नव्हे.

रद्द होणे आणि स्वतः परत करणे यांतही फरक आहे. भारतीय पासपोर्ट स्वतः जमा केला की सरेंडर सर्टिफिकेट मिळते आणि ओसीआय कार्डसाठी तेच मागतात. ज्यांचे पासपोर्ट रद्द झाले त्यांच्याकडे ते नव्हते. मग ओसीआय अडकले, व्हिसा अडकला, आजारी आईला भेटायला येणेही अडकले. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने यावर पत्रक काढून रद्द केल्याचा दाखला चालवून घेण्याची सवलत दिली. अशी पत्रके बदलत असतात. अर्जाच्या दिवशी कोणते लागू आहे ते पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात विचारावे, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे.

पोर्तुगीज नागरिक झाल्यावर ती गोष्ट लपवून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणे हा तर सरळ गुन्हा आहे. पासपोर्ट कायद्यात त्यासाठी १ ते ५ वर्षे कैद आणि १० हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. मतदार यादीतले नावही काढून घ्यावे लागते. यादीत नाव राहिले म्हणून मतदानाचा हक्क राहत नाही, उलट निवडणुकीच्या वेळी गावातलाच कोणीतरी तक्रार करतो.

जमीन आणि पैसा

ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असा समज अजून आहे. ते आयुष्यभराचा व्हिसा आणि काही आर्थिक सवलती देते. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही.

गोव्याच्या माणसाला सगळ्यात जास्त भिडतो तो जमिनीचा भाग. फ्लॅट, घर, दुकान ओसीआयवाला घेऊ शकतो. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. वारशाने आलेले शेत, काजूची बाग किंवा कुळागर मात्र ठेवता येते. नागरिकत्व गेले म्हणून वारसा बुडत नाही. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. आता घरातल्या तीन भावांपैकी दोघे पोर्तुगीज झाले, तर तिसऱ्याचा हिस्सा या दोघांना विकत घेता येत नाही, पण तिसरा त्यांचे घेऊ शकतो. वाटणी करायची असेल तर ती कागद तिकडे पाठवण्याआधी करून ठेवावी, वकिलाच्या सल्ल्याने.

बँकेतले साधे बचत खाते परदेशी राहायला गेल्यावर एनआरओ करावे लागते. पुष्कळ जण करत नाहीत, आणि घर विकून पैसे तिकडे न्यायची वेळ आली की बँक जुनी सगळी कुंडली मागते.

ब्रिटनचे दार

पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहायला आणि काम करायला मोकळीक मिळाली. गोव्याच्या लोकांना मुळात लिस्बन नको होते, स्विंडन हवे होते, साउथॉल, वेम्बली हवे होते. गोदामात, हॉस्पिटलात, विमानतळावर काम करणाऱ्या गोवेकरांची मोठी वस्ती स्विंडनमध्ये झाली ती अशी.

ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले आणि मोकळीक ३१ डिसेंबर २०२० ला संपली. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर ब्रिटनमध्ये नोकरीसाठी त्याचा विशेष उपयोग नाही. कामाचा व्हिसा भारतीयाला लागतो तसाच लागतो. आयर्लंड, पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स हे देश उघडे आहेत. इंग्रजीवर भागणारे यांतले आयर्लंडच. बाकी ठिकाणी भाषा शिकावी लागेल, आणि तिशी-पस्तिशीनंतर ते सोपे नाही. हा हिशेब एजंटच्या जाहिरातीत नसतो.

पती-पत्नीपैकी एकानेच पोर्तुगीज व्हायचे, दुसऱ्याने भारतीय राहायचे, हा मार्ग काही कुटुंबे निवडतात. जमीन आणि म्हातारे आईवडील इकडे असतील तर त्यात शहाणपण आहे. भारतीय राहिलेल्या जोडीदाराला युरोपात कुटुंबीय म्हणून जाता येते, पण कागदपत्रे वेगळी आणि वेळ जास्त.

मुले आणि परतीची वाट

३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी दोन्ही पालक भारतीय लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे बाप पोर्तुगीज ओसीआय आणि आई भारतीय असेल तर मडगावात जन्मलेले मूल भारतीय. दोघेही आधीच पोर्तुगीज झालेले असतील तर ते मूल आपल्याच आजोबांच्या घरात विदेशी म्हणून जन्मते.

कायद्यात कलम ८ चा वेगळा रस्ता आहे. आईवडिलांनी प्रतिज्ञापूर्वक भारतीय नागरिकत्व सोडले असेल तर अज्ञान मुलांचेही जाते, पण सज्ञान झाल्यावर एका वर्षात त्यांना ते परत मागता येते. ही सोय सगळ्यांना आहे असे लोक धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरचे नागरिक झालेल्या कुटुंबाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की दुसरे नागरिकत्व घेतल्याने कलम ९ खाली ज्यांचे भारतीयत्व आपोआप संपले, त्यांच्या मुलांना कलम ८ चे हे दार नाही. गोव्यातली बहुतेक प्रकरणे कलम ९ चीच आहेत.

स्वतः परत भारतीय व्हायचे तर नोंदणीचा अर्ज करता येतो. पूर्वी भारतीय असलेल्याने अर्जाआधी सलग १२ महिने भारतात राहिलेले असावे लागते. ओसीआयमार्गे यायचे तर कार्ड मिळून ५ वर्षे आणि त्यातही अर्जाआधीचे १२ महिने इथे वास्तव्य. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, निर्णय केंद्राचा. सोबत दुसरे नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी लागते, आणि पोर्तुगालचे नागरिकत्व सोडण्यासाठी तिकडे पुन्हा वेगळा अर्ज.