शेतकऱ्याचा र

मागच्या पावसाळ्यात एक काम हाती घेतलं होतं. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या माणसांच्या जुन्या बातम्या गावनिहाय एकत्र करायच्या. आमच्याकडे धानाची बांधी आणि जंगल यांच्यात फारसं अंतर नसतं. रोवणीला, निंदणीला, सरपणाला, मोहफुलाला गेलेलं माणूस परत येत नाही, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि पुढच्या वर्षी गावाबाहेर त्याचं नावही कुणाला आठवत नाही. म्हणून अशा बातम्या मी बरीच वर्षं संगणकात उतरवून ठेवत आलो आहे.

फाईल उघडून शोधाच्या चौकटीत 'शेतकऱ्याचा मृत्यू' असं टाइप केलं. काही बातम्या आल्या. पण जी बातमी मला पक्की आठवत होती, तीच आली नाही. शेवटी गावाच्या नावाने शोधली तेव्हा सापडली. तिच्यात 'शेतकर्याचा मृत्यू' असं लिहिलेलं होतं. आणखी खोदल्यावर तिसरा प्रकार निघाला. त्या बातम्यांत शब्द डोळ्यांना अगदी बरोबर दिसत होता, 'शेतकऱ्याचा' असाच, तरीही संगणकाला तो माझ्या शब्दासारखा वाटत नव्हता. एकच शब्द माझ्या फाईलीत तीन प्रकारे साठवला गेला होता. एका प्रकाराने शोधलं की बाकी दोन प्रकारांतली माणसं यादीतून गळत होती.

हे कसं झालं, ते समजून घ्यायला मराठीच्या एका लहानशा खुणेचा इतिहास पाहावा लागतो.

मराठीत अर्धा र पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडतात. सूर्य, कार्य, धैर्य या शब्दांत तो रफार होऊन डोक्यावर बसतो. शेतकऱ्याला, दुसऱ्या, बऱ्याच या शब्दांत तो आडवा, चंद्रकोरीसारखा होऊन पुढच्या य ला चिकटतो. रफार असला की आधीच्या अक्षरावर आघात येतो, आडव्या र ने येत नाही. फरक उच्चाराचा आहे आणि अर्थाचाही. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास मजुरी दिली' ही दोन वेगळी माणसं आहेत, एक गुरू आणि दुसरा स्वयंपाकी. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र, जो शब्द फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीला या आडव्या र ची गरज पडत नाही. मराठीला पावलोपावली पडते. कुऱ्हाड, गिऱ्हाईक, चाऱ्याचा भारा, सातबाऱ्यावरचं नाव, गावकऱ्यांची सभा. वऱ्हाड या प्रदेशाचं नावच त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. आमच्या झाडीबोलीत तर ळ च्या जागी र येतो, डोळ्याचा डोरा होतो. त्यामुळे 'डोऱ्यात' लिहायलाही हाच र लागतो.

अब्बा तरुणपणी ब्रह्मपुरीतल्या एका छापखान्यात जुळारी होते. लग्नपत्रिका, झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रकं, बाजार समितीच्या सूचना. ते सांगायचे की खिळ्यांच्या पेटीत या आडव्या र चा स्वतंत्र खिळा असायचा आणि तो सगळ्यात आधी झिजायचा, कारण प्रत्येक मजकुरात कुणी ना कुणी 'दुसऱ्या'ला काही सांगत असतं. खिळा कमी पडला तर मालकाला सांगून नवा मागवायचा. त्याच्या जागी रफार लावला तर गिऱ्हाईक पत्रिका परत करायचं. शिशाच्या काळात हे अक्षर टिकलं, कारण चूक हातात धरून दाखवता येत होती.

लिपी बदलण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले नाहीत. सावरकरांनी रत्नागिरीच्या मुक्कामात लिपीशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ या स्वतंत्र अक्षरांऐवजी अ लाच वेलांट्या आणि उकार लावायचे, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी लागतील, असा त्यामागचा हिशेब होता. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांतही ही अ ची बाराखडी काही काळ चालली. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा ठराव केला. काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला, कारण लोकांच्या डोळ्यांना ती वेलांटी पटेना. या सूचना चांगल्या की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. त्या उघडपणे मांडल्या गेल्या होत्या. लोकांनी वाचलं, वाद घातला, काही दिवस वापरून पाहिलं आणि नको म्हटलं.

संगणकाने जे बदललं, त्याबद्दल असं कुणी विचारलं नाही.

संगणकावर मराठी आली ती आधी फाँटांच्या रूपाने. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, सी-डॅकचे सुरेख-योगेश. यातल्या बहुतेक फाँटांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे, आणि कोणतं कुठे, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलेलं. फाँट बदलला की मजकुराचा कचरा व्हायचा. पण आडव्या र ला त्यांच्यात स्वतःची जागा होती, खिळ्यासारखीच. छापलेल्या कागदावर तो बरोबर उमटायचा.

युनिकोड १९९१ मध्ये आलं. त्यातली देवनागरीची मांडणी भारत सरकारच्या इस्की या संकेतावर आधारलेली होती. युनिकोडने अक्षराच्या रूपाला जागा न देता मूळ अक्षराला दिली. र एकच, त्याचा रफार करायचा की आडवा, हे जोडणीवरून ठरायचं. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आडव्या र साठी र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह अशी रीत दिली होती. या चिन्हाला रुंदी नाही, ते कागदावर दिसत नाही, फक्त संगणकाला कळतं. पुढच्या आवृत्तीत इस्कीप्रमाणे वेगळी रीत सांगितली गेली, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. जुना मजकूर मोडू नये म्हणून जुनी रीतही चालू ठेवली. म्हणजे दिसायला एक आणि साठवायला दोन अशी सोय झाली. माझ्या फाईलीतला तिसरा प्रकार तो हाच.

दुसरा प्रकार, 'शेतकर्याचा', त्यातूनच जन्मला. मजकूर घेणाऱ्या अनेक संगणक प्रणाली अदृश्य चिन्हं गाळून टाकतात. त्यालाही कारण आहे. अशी चिन्हं मधे घालून खोटी नावं आणि फसवे पत्ते तयार करता येतात. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या २००३ च्या नियमांत तर हे जोडचिन्ह सरसकट पुसलं जायचं. २०१० मधल्या नियमांनी आपल्यासारख्या लिपींसाठी, ठरावीक जागी, ते परत येऊ दिलं. पण असे गाळणारे कप्पे इतरत्र शिल्लक राहिले. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनांतही ही चूक होते. चिन्ह गळालं की उरतो र, हलन्त आणि य. संगणक त्याला हिंदीच्या नियमाने वाचतो आणि डोक्यावर रफार ठेवतो. शेतकऱ्याचा शेतकर्याचा होतो, वऱ्हाडाचं वर्हाड होतं. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं, तपासणाऱ्याने बरोबर वाचलेलं असतं, आणि प्रसिद्ध होताना ते बदलतं.

उर्दू वाचणाऱ्या घरात वाढल्यामुळे हे दुःख मला ओळखीचं होतं. उर्दूची लिपी नस्तालीक, उतरत्या वळणाची. टाइप आणि टाइपरायटर आले ते सरळ रेषेतल्या नस्ख वळणाचे. उर्दूवाल्यांनी ते मान्य केलं नाही आणि दशकानुदशके वर्तमानपत्रं कातिबांच्या हातून लिहून घेतली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने ते वळण यंत्रात आणलं. तरी पुढे मोबाईल आले तेव्हा पुन्हा नस्खच समोर आलं. आयफोनवर नस्तालीक यायला २०१७ साल उजाडलं. वाचकांनी तक्रार सोडली नाही म्हणून ते आलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या ऱ वर आज शेतकऱ्याचा शब्द उभा आहे, तो युनिकोडमध्ये दक्षिणेतल्या भाषांचा कडक र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला आहे. त्याची फोड केली तर निघतो र आणि खाली नुक्ता. हा तोच नुक्ता, जो हिंदीत उर्दू-फारसीचे उच्चार दाखवायला वापरतात. मराठीने तो कधी घेतला नाही. आपण गझल आणि काझी झ ने लिहितो आणि आपलं काही अडत नाही. मात्र काही शोधप्रणाली हिंदीच्या सोयीसाठी नुक्ता किरकोळ समजून गाळतात, आणि त्याबरोबर मराठीचा आडवा र ही जातो. उर्दूत नुक्ता वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. एका टिंबाची किंमत आमच्याकडे पोराला पहिलीतच कळते.

कुणी म्हणेल, वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं, एवढं काय. वाचणाऱ्याला कळतं हे खरं. पण आता याद्या माणसं वाचत नाहीत. नुकसानभरपाईची यादी, धानाच्या बोनसची यादी, सातबाऱ्यावरचं नाव, हे सगळं यंत्र जुळवून पाहतं. तिथे एका ठिकाणी ऱ आणि दुसऱ्या ठिकाणी रफार असला, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं होतात.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि ल, श यांची मराठी वळणं ठरवून दिली. हिंदी वळणाचे ल आणि श संगणकातून पाठ्यपुस्तकांत शिरू लागले होते, म्हणून ते आवश्यक होतं. पण वळण कागदावर दिसतं. मजकूर आत कसा साठवला गेला हे दिसत नाही, आणि ते तपासायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

आपल्या हातात जे आहे ते सोपं आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर जिथे र आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ येतो. त्याला हलन्त आणि य जोडा. यात अदृश्य काही नाही, त्यामुळे सहसा गळतही नाही. मोबाईलच्या मराठी कळफलकांवरही हा ऱ असतो. जुना मजकूर असेल तर तिन्ही रूपांनी शोधा आणि एक रूप करून घ्या.

माझी यादी मी तशीच पुन्हा केली. तिन्ही रूपांनी शोधल्यावर ती लांबली. आता तिच्यात जी नावं वाढली, ती आधीही फाईलीत होतीच.