मुंबईचा भाडेकरू आणि मधला माणूस

मुंबईत भाड्याच्या घराचा व्यवहार मालक आणि भाडेकरू या दोघांतच उरकला, असे फारसे कधी घडले नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून माणसांची रीघ लागली. त्यांना काम लावून देणारा मुकादम, म्हणजे जॉबरच, पुष्कळदा डोके टेकायला जागाही बघून देई. अनेक चाळमालक सगळी चाळ एखाद्या मक्तेदाराच्या हवाली करत. तो ठरलेली रक्कम मालकाला पोचवी आणि खोल्या पोटभाड्याने देऊन वरचे पैसे खिशात घाली. गळक्या छपराची तक्रार घेऊन बिऱ्हाडकरूने जायचे कोणाकडे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने दाट वस्त्या पाडल्या. त्या मानाने नवी घरे थोडीच उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बांधकामे थंडावून भाडी भडकली, तेव्हा सरकारने १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला.

खरी उलथापालथ केली ती १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच, ढोबळमानाने, ‘प्रमाण भाडे’ ठरले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड झाले. ज्याच्याकडे खोली होती त्याला हे वरदानच वाटले. ज्याला खोली हवी होती त्याच्यासाठी मात्र दार बंद झाले, आणि ते उघडण्याची किंमत म्हणजे पागडी. भाडे वाढवता येत नाही म्हटल्यावर घराचा खरा भाव त्या एकरकमी पैशात शिरला. जुना भाडेकरू नव्याकडून रक्कम घेई, पावती नव्याच्या नावावर करून देण्यासाठी मालक त्यातला वाटा मागे, बहुधा तिसरा हिस्सा. हे सारे जुळवून आणणारा दलाल आपली दलाली वेगळी घेई. कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा होता, मालकाने स्वतः घेतली काय किंवा दुसऱ्यामार्फत घेतली काय. म्हणूनच व्यवहार रोखीने आणि तोंडी चाले. एकच खोली दोघांना दाखवून दोघांकडून बयाणा उकळला गेला, तरी पैसे दिल्याचा कागद कोणापाशीच नसे. भाडेकरूला वाचवायला केलेल्या बंदीचा सगळ्यात मोठा फायदा दलालाला झाला, असे म्हणावे लागते.

कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार उचलला. यात राहणारा भाडेकरू नसतो, केवळ परवानाधारक असतो. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले. मालक हादरले, घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे बरे, असे अनेकांना वाटू लागले. विश्वासाचा माणूस आणून देतो, वेळेवर जागा खाली करून देतो, असे सांगणाऱ्या दलालाचे वजन त्यामुळे आणखी वाढले. कोणत्या जातीचा, काय खाणारा, लग्न झालेला की सडा, ही चाळणीही तोच लावू लागला. ती आजही लागतेच.

भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आणि प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली. एक वर्षाहून कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही म्हणून ११ महिन्यांची जी चाल पडली होती, तिचे कारण महाराष्ट्रात इथेच संपले. चाल मात्र सुटली नाही. करार नव्याने झाला की पुन्हा एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मागता येते, हे त्यामागचे एक कारण दिसते.

नव्या भाडेकरूची गाऱ्हाणी या व्यवस्थेतूनच निघतात. जाहिरातीतला फ्लॅट एक आणि दाखवलेला दुसराच, टोकन दिल्यावर फोन न उचलणे, रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट कापणे. दलाल पैसे बहुतेकदा दोन्हीकडून घेतो, पण त्याचे कायमचे गिऱ्हाईक मालक असतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी परवाना करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरला जातो. ‘गीझर बसवून देतो, पाणी चोवीस तास येते’ हे दलालाचे तोंडी शब्द त्यापुढे टिकत नाहीत. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला काढण्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. अडकलेले डिपॉझिट सोडवण्यासाठी त्या कायद्यात तशी झटपट सोय नाही. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती गृहप्रकल्पांतील विक्रीपुरती. भाड्याचे घर लावून देणारा एजंट त्या व्याख्येत बसत नाही.