कळ दाबल्यानंतरची प्रतीक्षा

घरातला संगणक सुरू व्हावयास पाच मिनिटे का लागतात, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात कोठून आला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की या पाच मिनिटांनाही इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांनी एका सुट्या भागापायी चांगले यंत्र भंगारात घातले आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. वाफेचे थंड एंजिन हुकूम होताच धावत नसे. भट्टी पेटवून तासन् तास वाफ धरावी लागे. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि तिला ही पूर्वतयारी उरली नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी घडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली रीतसर कामास लागला. त्याची स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची, अवघ्या २०४८ शब्दांची होती. अशा कड्यांतील नोंद वीज गेली तरी पुसत नाही. पुढे स्मृती सिलिकॉनच्या चिपेवर आली. ती स्वस्त झाली, प्रचंड झाली, पण विसराळू झाली. वीज गेली की पाटी कोरी! म्हणून घरचा संगणक दर वेळी आपले सारे ज्ञान हार्ड डिस्कवरून पुन्हा स्मृतीत आणतो. सुरू होणे म्हणजे मुख्यतः हेच.

आम्ही डोंबिवलीत पहिला संगणक घेतला तो १९९९ साली. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेतले आणि लोकलच्या गर्दीत मॉनिटर मांडीवर धरून आणला. प्रणाली विंडोज ९८. तो मुळातच फार चपळ नव्हता. पण २००५च्या सुमारास भारनियमनाने त्याची दशा केली. वीज सांगून जाई, न सांगताही जाई. यंत्र रीतसर बंद न होता असे कोसळले की पुढच्या वेळी विंडोज ९८ आधी ‘स्कॅनडिस्क’ लावून हार्ड डिस्कची झडती घेई. निळ्या पडद्यावर पट्टी सरकत असे, आम्ही चहा घेत असू. दोष यंत्राचा नव्हता, तारेतल्या विजेचा होता. आणि त्यावर खरा उपाय बॅटरीचा यूपीएस हाच होता. आम्ही मात्र यंत्रालाच औषधे देत बसलो.

त्या काळी गल्लोगल्ली वैद्य होते. विंडोज एक्सपी २००१ साली आली. सुरू होताना कोणत्या फाइली लागतात याची टिपणे ती ‘प्रीफेच’ नावाच्या कप्प्यात ठेवी, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच मागवता येत. हा कप्पा दर आठवड्यास रिकामा करावा, संगणक हलका होतो, असा सल्ला सर्रास दिला जाई. परिणाम अर्थातच उलटा होई. टिपणे फाडल्यावर यंत्राला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागे.

आमच्या घरी आलेल्या गृहस्थांनी निदान केले फाँटचे. निदान अगदीच चुकीचे नव्हते. मराठी टंकलेखन करणाऱ्यांच्या यंत्रात तेव्हा शेकडो फाँट साठत, आणि त्यांच्या ओझ्याने सुरुवात लांबते हे खरे. त्यांनी झपाट्याने फाँट पुसले. काही सेकंद वाचले असतील. संध्याकाळी वडिलांनी आपल्या आठवणींची फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा! दोन वर्षे रोज सकाळी बसून लिहिलेला मजकूर होता तो. जुन्या पद्धतीत मराठी अक्षर फाइलीत नसे. फाइलीत रोमन सांकेतिक क्रमांक असे आणि त्याला मराठी रूप फाँट देई. वडील काही बोलले नाहीत. खुर्ची मागे सारून गॅलरीत जाऊन उभे राहिले. फाँटची तबकडी माळ्यावरच्या खोक्यात सापडेपर्यंत चार दिवस घरात कोणी त्या खोलीत दिवा लावला नाही.

मग खरी अडचण कोठे होती? मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एक फेरा पुरा करण्यास आठ मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात. त्यात वाचणारा हात योग्य जागी पोचण्याचा वेळ मिळवा. विखुरलेले तुकडे गोळा करावयाचे तर सेकंदाला शंभराच्या आसपासच वेचून होतात. सुरुवातीला लागतात हजारो. त्यात प्रत्येक नवा कार्यक्रम दाराशी आपला एक हुजऱ्या बसवून जातो. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘टास्क मॅनेजर’मध्ये या हुजऱ्यांची यादी आणि प्रत्येकाचा भार दिसतो, विषाणुरोधक सोडून बहुतेकांना रजा देता येते. त्याच विंडोजने बंद होताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवण्याची युक्ती आणली. टिफ्रॅकच्या कड्यांची आठवण व्हावी अशीच ती आहे.

पण हात आणि चकती दोन्ही नाहीशी केली ती ‘एसएसडी’ने. तिच्यात फिरणारे काहीच नाही; तीच वेचणी ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने करते. आमचा २०११ सालचा दुसरा संगणक आम्ही टाकावयास काढला होता. ही एक वस्तू बदलली आणि तो मिनिटाच्या आत उठू लागला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ अशा वयाचे यंत्र रीतसर स्वीकारीत नाही, म्हणून त्यावर आता लिनक्स घातले आहे. वडिलांच्या आठवणी युनिकोडमध्ये उतरवून त्यातच ठेवल्या आहेत, आणि एक छापील प्रत कपाटात.